कोंडी-शुल्काचं परीक्षण: पैसे रस्त्याचे, माल वेळेचा

शहराच्या मध्यभागात गर्दीच्या वेळी गाडी घालायची असेल तर पैसे मोजा, अशी सेवा सध्या सिंगापूर, लंडन, स्टॉकहोम, मिलान आणि न्यूयॉर्कमध्ये मिळते. कुणी तिला कर म्हणतं, कुणी दंड, कुणी गाडीवाल्यांवर काढलेला राग. इथे तिच्याकडे बाजारातल्या मालासारखं पाहिलं आहे: किंमत किती, बदल्यात काय मिळतं, ते खरंच हातात पडतं का, आणि काटा कुठे मारला जातो.

आधी माल कोणता, ते नक्की करू. रस्ता वापरला म्हणून पैसे द्यायचे, हा पहिला गैरसमज. रात्री तीन वाजता त्याच रस्त्यावरून गेलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. पैसे असतात ते आपण दुसऱ्यांचा जो खोळंबा करतो त्याचे, आणि हा खोळंबा आकड्यांत मांडता येतो. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सने १९६४ साली दिलेलं एक सूत्र वाहतूक नियोजनात अजून वापरलं जातं. रस्त्यावरच्या गाड्यांच्या संख्येला रस्त्याच्या क्षमतेने भागायचं, उत्तराचा चौथा घात करायचा आणि त्याला ०.१५ ने गुणायचं. मोकळ्या रस्त्यावर जेवढा वेळ लागतो त्याचा एवढा हिस्सा उशीर म्हणून वाढतो.

समजा मोकळ्या रस्त्यावर २० मिनिटं लागतात. रस्ता क्षमतेइतका भरला की २३ लागतात. गाडीवाल्याला दिसतात ती एवढी ३ मिनिटं. पण त्याची गाडी आल्यामुळे मागच्या प्रत्येकाला सेकंदाचा छोटासा तुकडा जास्त लागतो, आणि ते सगळे तुकडे जोडले की बेरीज १२ मिनिटांवर जाते. चौथ्या घातामुळे ती नेमकी चौपट येते. गाड्या क्षमतेच्या २० टक्के वर गेल्या तर त्याला स्वतःला सव्वासहा मिनिटं उशीर, आणि इतरांना मिळून जवळजवळ २५ मिनिटं. स्वतःची सव्वासहा मिनिटं तो भोगतो, पण २५ मिनिटांची पावती कुणीच फाडत नाही. म्हणून प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणा निर्णय घेतो आणि सगळे मिळून अडकतात. दुसऱ्यावर पडणारा हा भार किमतीत धरावा, हे आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच मांडलं होतं. रस्त्यांसाठी त्याचा पाठपुरावा आयुष्यभर केला तो विल्यम विक्री यांनी. १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते वारले.

‘फुकटचा रस्ता’ असा रस्ता गर्दीच्या वेळी नसतोच. तिथेही किंमत लागतेच, फक्त ती मिनिटांत मोजावी लागते. फरक असा की पैसे एकाच्या खिशातून दुसऱ्याकडे जातात आणि तिथून बस, रेल्वे, पूल, काहीही होऊ शकतं. रांगेत घालवलेली मिनिटं कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. सेवा चांगली की वाईट हे ठरवताना हीच कसोटी लावली आहे: तिने मिनिटांतली किंमत खरोखर पैशांत बदलली का, की दोन्ही वसूल केल्या?

‘मग रस्ते रुंद करा की’ असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: अमेरिकन शहरांच्या आकडेवारीवर २०११ मध्ये आलेल्या दुरांतों आणि टर्नर यांच्या अभ्यासात आंतरराज्य महामार्गांच्या मार्गिका जेवढ्या टक्क्यांनी वाढल्या, जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी गाड्यांचे किलोमीटरही वाढले. नुसती सार्वजनिक वाहतूक वाढवूनही गाड्यांचे किलोमीटर कमी झाल्याचं त्यांना आढळलं नाही. एक जण बसमध्ये गेला की त्याची मोकळी झालेली जागा दुसरा घेतो. फुकटात ठेवलेली जागा भरणारच.

सिंगापूर: दर हलतो, म्हणून सेवा चालते

या सेवेचं सगळ्यात जुनं दुकान इथलं. २ जून १९७५ ला सुरू झालं तेव्हा ना कॅमेरे होते ना संगणक. काचेवर लावायचा कागदी परवाना, दिवसाचे ३ सिंगापूर डॉलर किंवा महिन्याचे ६०, आणि कमानीखाली उभा राहून नजरेने परवाने तपासणारा माणूस. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. पहिल्याच आठवड्यांत एक गंमत झाली. लोक साडेनऊपर्यंत बाहेर थांबायचे आणि मग सगळे एकदम आत घुसायचे. कोंडी गेली नाही, पुढे सरकली. ऑगस्टपासून वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. दराला जिथे कडा असते तिथे माणसं थांबतात, हा धडा या क्षेत्रात सगळ्यांनी इथूनच घेतला.

दुसरा धडा सवलतीचा. चार किंवा जास्त माणसं असलेल्या गाडीला माफी होती. हेतू असा की शेजारीपाजारी मिळून येतील. प्रत्यक्षात गाडीवाले हद्दीच्या अलीकडे बसथांब्यावरून अनोळखी प्रवासी उचलू लागले. डोकी चार झाली, गाडी फुकट आत गेली, आणि ज्यांना उचललं ते तसेही बसनेच जाणार होते. म्हणजे एक गाडी वाढली आणि बसचे तीन प्रवासी घटले. माफी १९८९ मध्ये गेली.

शिवाय दर जरा जास्तच बसला होता. गाड्या पंचवीस-तीस टक्क्यांनी कमी कराव्यात असा बेत होता, झाल्या जवळपास ४५ टक्क्यांनी. ऐकायला हे यश वाटतं, पण अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर तेव्हाच बोट ठेवलं होतं. रिकामा रस्ता हाही वाया गेलेला माल आहे. ज्यांना थोड्या पैशांत आत यायचं होतं आणि ज्यांच्या येण्याने कुणाचा फारसा खोळंबा झाला नसता, तेही बाहेर राहिले.

१९९८ मध्ये कागद गेला आणि इलेक्ट्रॉनिक कमानी आल्या. गाडीतल्या यंत्रातून प्रत्येक कमानीखाली रक्कम वळती होते. खरा जीव आहे तो दर ठरवण्याच्या पद्धतीत. एक्स्प्रेसवेवर ताशी ४५ ते ६५ किलोमीटर आणि शहरातल्या मुख्य रस्त्यांवर २० ते ३० हा वेगाचा पट्टा ठरलेला आहे. ठराविक काळाने आढावा घेतात. वेग पट्ट्याच्या खाली गेला की त्या कमानीचा त्या अर्ध्या तासाचा दर वाढतो, वर गेला की उतरतो. उतरतो, हे दोनदा वाचावं. सरकारी दर खालीही येऊ शकतो, आणि त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. अर्ध्या तासाचे टप्पे बदलताना लोक कमानीच्या अलीकडे गाडी रेंगाळत ठेवायचे किंवा वेळ संपायच्या आत सुसाट निघायचे, म्हणून मोठ्या फरकांच्या मध्ये पाच मिनिटांचे मधले दर घातले. असे बारीक दुरुस्त्या करणारे दुकानदार विरळा.

एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे रस्ते ओस पडले तेव्हा सगळ्या कमानींचा दर शून्यावर आणला गेला. कोंडी नाही तर विकायला काही नाही. ही सेवा महसुलासाठी आहे की वेळेसाठी, या वादाचा निकाल त्या शून्याने लावला.

सिंगापूरमध्ये गाडी विकत घेण्याचा हक्कही वेगळा लिलावात मिळतो, १९९० पासून, आणि तो दहा वर्षं चालतो. अलीकडे त्याची बोली लाखभर सिंगापूर डॉलरच्या वरही गेली आहे. यात एक तिढा आहे. हक्कासाठी एवढे पैसे एकदा मोजून झाले की मालकाला वाटतं, आता गाडी वापरून घेऊ या. गेलेले पैसे गेलेच, त्यांचा आजच्या फेरीशी संबंध नाही हे कागदावर बरोबर, पण माणूस तसा वागत नाही.

लंडन: एकदा भरा, दिवसभर फिरा

१७ फेब्रुवारी २००३, सोमवार. शाळांना सत्राच्या मधली आठवडाभराची सुट्टी होती आणि रस्त्यावर गाड्या तशाही कमी असणार, म्हणून हा आठवडा निवडला. दर ५ पौंड, साधारण २१ चौरस किलोमीटरची हद्द, कमान नाही, अडथळा नाही, फक्त नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे. पहिल्या वर्षी हद्दीतला खोळंबा सुमारे ३० टक्क्यांनी उतरला. इथपर्यंत माल उत्तम.

दोष आहे तो दराच्या रचनेत, आणि तो आजवर काढलेला नाही. दर दिवसाचा आहे. सकाळी आठला या की दुपारी एकला, पैसे तेवढेच. एकदा भरले की दिवसभरात पन्नास वेळा आत-बाहेर करा, पुढची प्रत्येक फेरी फुकट. म्हणजे जी चाळीस ठिकाणी थांबत दिवसभर मध्यभागात घिरट्या घालते ती डिलिव्हरीची गाडी आणि जी येऊन पार्किंगमध्ये उभी राहते ती गाडी, दोघींना एकच पावती. वर काढलेल्या हिशेबाशी ताडून पाहिलं तर हे मीटर चुकीच्या गोष्टीवर बसवलं आहे. हद्द ओलांडण्यावर पैसे आहेत, हद्दीत रस्ता अडवण्यावर नाहीत.

याची किंमत दहा वर्षांत दिसली. अ‍ॅपवरून बोलवायच्या खासगी भाडोत्री गाड्यांना शुल्क माफ होतं. लंडनमध्ये अशा परवानाधारक गाड्या २०१३ मध्ये सुमारे ५० हजार होत्या, २०१७ पर्यंत त्या ८५ हजारांच्या वर गेल्या. ही माफी एप्रिल २०१९ मध्ये काढली. काळ्या टॅक्सींची माफी अजून आहे. माफी एकाला दिली की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा दारात उभा राहतोच.

२००८ च्या सुमारास हद्दीतला खोळंबा पुन्हा शुल्काआधीच्या पातळीला आला. ‘बघा, योजना फसली’ असं तेव्हा बोललं गेलं. ते अर्धवट आहे. गाड्या कमी झालेल्याच राहिल्या होत्या. पण त्याच काळात जुन्या पाण्याच्या वाहिन्या बदलण्यासाठी रस्ते खणले गेले, आणि बस व पादचाऱ्यांसाठी गाड्यांकडून जागा काढून घेतली गेली. गाड्या घटल्या आणि रस्ताही घटला, मग भागाकार तिथेच राहिला. गिऱ्हाईक मात्र भागाकारासाठी पैसे देतं. ज्याने पाच पौंड मोजले त्याला ‘तुमची मिनिटं बसवाल्यांना दिली’ हे स्पष्ट सांगायला हवं होतं. निर्णय योग्य असू शकतो, पण माल बदलला होता.

दर वाढत गेला: २००५ मध्ये ८, २०११ मध्ये १०, २०१४ मध्ये साडेअकरा, २०२० मध्ये १५ आणि जानेवारी २०२६ पासून १८ पौंड. यातली २०२० ची वाढ सिंगापूरच्या शून्याशेजारी ठेवून पाहावी. तीच साथ. मार्चमध्ये लंडनने शुल्क थांबवलं, मेमध्ये परत लावलं आणि जूनमध्ये दर १५ वर नेऊन ते आठवड्याचे सातही दिवस रात्री दहापर्यंत सुरू केलं. वाहतूक यंत्रणेची तिकीटविक्री बसली होती, आणि केंद्र सरकारने मदत देताना अटी घातल्या होत्या. एका शहराने रस्ता रिकामा म्हणून दर शून्य केला, दुसऱ्याने तिजोरी रिकामी म्हणून वाढवला. गाड्या परत वाढू नयेत हेही कारण दिलं गेलं आणि त्यात तथ्य होतं, पण रात्री नऊ वाजताच्या रस्त्याला पूर्ण दर लावण्याचं समर्थन त्यातून होत नाही. ती रात्रीची वेळ फेब्रुवारी २०२२ मध्ये मागे घेतली.

जाता जाता एक मजेदार वाद. लंडनमधला अमेरिकी दूतावास हे शुल्क भरत नाही. त्याचं म्हणणं, हा कर आहे आणि १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक कचेऱ्यांना कर माफ असतात. लंडनचं म्हणणं, ही सेवेची किंमत आहे. थकबाकी कोटीभर पौंडांच्या पलीकडे गेली आहे. वरकरणी हा वकिलांचा खेळ, पण प्रश्न या परीक्षणाचाच आहे: बदल्यात काही मिळत असेल तर किंमत, नसेल तर कर.

स्टॉकहोम आणि मिलान: आधी वापरा, मग मत द्या

स्टॉकहोमचं मूळ दरपत्रक समोर ठेवण्यासारखं होतं. सकाळी साडेसहाला १० क्रोना, सातपासून १५, साडेसातपासून २०, साडेआठला पुन्हा १५, नऊ ते साडेतीन १०. संध्याकाळी तोच चढ-उतार, साडेसहानंतर काही नाही. आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा मोजायचे, दिवसाची कमाल ६०. शनिवार-रविवार आणि जवळजवळ सगळा जुलै महिना फुकट, कारण तेव्हा शहरात गर्दीच नसते. सकाळी ८:२८ ला हद्द ओलांडणाऱ्याने तीन मिनिटं थांबून ८:३१ ला ओलांडली तर ५ क्रोना वाचतात. रक्कम एवढी लहान की कुणी रस्त्याकडेला थांबून राहत नाही, पण ज्याला सवड आहे तो घरून दहा मिनिटं उशिरा निघतो. दराने करायचं काम एवढंच असतं. सगळ्यांना हलवायची गरज नाही. पाचातला एक हलला तरी चौथ्या घातामुळे खोळंबा निम्म्यापेक्षा खाली येतो. ०.८ चा चौथा घात ०.४१ आहे, करून पाहावा.

आणि तेच घडलं. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ हा प्रयोगाचा काळ होता. हद्द ओलांडणाऱ्या गाड्या साधारण पंचमांशाने घटल्या. ऑगस्टमध्ये प्रयोग थांबला आणि गाड्या बऱ्याच अंशी परत आल्या. मग १७ सप्टेंबरला सार्वत्रिक निवडणुकीसोबत सार्वमत झालं आणि शहराने थोड्या फरकाने शुल्काच्या बाजूने कौल दिला. प्रयोगाआधी विरोध करणाऱ्यांचं स्पष्ट बहुमत होतं. १ ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचं झालं, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दोन तृतीयांश लोक बाजूने बोलू लागले.

हाच माल एडिंबराने फेब्रुवारी २००५ मध्ये वापरण्याआधीच मतपेटीत टाकला: ७४ टक्के विरोधात. मँचेस्टरने डिसेंबर २००८ मध्ये: जवळपास ७९ टक्के विरोधात. या शहरांची माणसं वेगळी नाहीत, मत मागण्याचा क्रम वेगळा आहे. मतदानाआधी गाडीवाल्याच्या एका हातात पक्की रक्कम असते, दुसऱ्या हातात ‘वेळ वाचेल’ असं एका राजकारण्याचं आश्वासन. पक्क्या तोट्यासमोर कच्चा फायदा कोण घेणार? सात महिने वापरल्यावर दोन्ही पक्के होतात. शिवाय तोटा मोजक्या लोकांना रोज बोचतो, फायदा मात्र लाखोंना चार-चार मिनिटांचा. चार मिनिटांसाठी कुणी सभेला जात नाही. कोंडीचं दुःख ‘रोज मरे त्याला कोण रडे’ या जातीचं आहे, आणि नवं शुल्क मात्र उद्याच्या पहिल्या पानावर.

स्टॉकहोमच्या सर्वेक्षणांत एक चमत्कारिक गोष्ट सापडली. गाड्या पंचमांशाने कमी झाल्या, पण ‘मी गाडी सोडली’ असं म्हणणारी माणसं त्या प्रमाणात सापडेनात. याचं कारण असं की रस्त्यावर रोज तीच माणसं नसतातच. कुणी आठवड्यातून दोनदा येतं, कुणी महिन्यातून तीनदा. तीनदाचं दोनदा झालं तर माणसाला स्वतःलाही ते लक्षात येत नाही. ‘गाडीशिवाय ज्यांचं भागतच नाही त्यांचं काय’ हा प्रश्न खरा आहे, पण गर्दीतला मोठा वाटा त्यांचा नसतो.

इथलेही दोष सांगायला हवेत. पर्यायी इंधनाच्या गाड्यांना २०१२ पर्यंत माफी होती. अशी गाडी कोंडीत उभी राहिली तर इतरांचा खोळंबा काही कमी होत नाही. धूर आणि कोंडी हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांना एकच गोळी दिली की एकही बरा होत नाही. मिलानने हे आणखी मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. २००८ ची तिथली योजना गाडीच्या धुराच्या वर्गावर पैसे घ्यायची. लोकांनी रीतसर स्वच्छ वर्गातल्या गाड्या घेतल्या, माफीवाल्यांचा वाटा वाढत गेला आणि रस्ता परत भरला. २०११ च्या सार्वमतात ७९ टक्क्यांनी योजना वाढवायला होकार दिला आणि जानेवारी २०१२ पासून ५ युरोचा सरसकट दर आला. गाड्या सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. त्याच वर्षी जुलैअखेरीस एका पार्किंग-मालकाच्या दाव्यावरून न्यायालयाने शुल्क काही आठवडे थांबवलं, आणि गाड्या लगेच परतल्या. माल खरा आहे की नाही हे तपासायला याहून स्वच्छ चाचणी क्वचितच मिळते.

न्यूयॉर्क: माल अजून पूर्ण उघडलेला नाही

मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला शुल्क लावायचा प्रयत्न २००८ मध्ये राज्याच्या विधिमंडळात मतदानाला येण्याआधीच गाडला गेला. २०१९ मध्ये कायदा झाला. ३० जून २०२४ ला १५ डॉलरने सुरुवात व्हायची होती, तीन-चार आठवडे आधी राज्यपालांनी ती थांबवली. अखेर ५ जानेवारी २०२५ ला ९ डॉलरने सुरू झालं. २०२८ मध्ये १२ आणि २०३१ मध्ये १५ असा चढता आलेख आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी काढून घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेलं, पण वसुली चालू राहिली.

टॅक्सीची बाजू इथे लंडनपेक्षा चांगली जमवली आहे. टॅक्सीच्या प्रत्येक फेरीला ७५ सेंट, अ‍ॅपच्या गाडीच्या फेरीला दीड डॉलर, प्रवाशाच्या बिलात. जितक्या फेऱ्या तितके पैसे. खासगी गाडीला मात्र दिवसातून एकदाच. आणि ‘गर्दीची वेळ’ म्हणून जी धरली आहे ती कामाच्या दिवशी पहाटे पाच ते रात्री नऊ. सोळा तासांची गर्दीची वेळ म्हणजे गर्दीची वेळच नाही. तिथे सकाळी आठचा माणूस अकरावर ढकलायला दराकडे काहीच उरत नाही, तो फक्त रात्रीवर ढकलू शकतो. पहिल्या वर्षी आत येणाऱ्या गाड्या दहाएक टक्क्यांनीच घटल्या, यात या सपाट दराचा वाटा असावा असं आमचं मत.

सपाट ठेवायचं कारणही उघड आहे. या महसुलाच्या जोरावर १५ अब्ज डॉलरची कर्जं उभारून भुयारी रेल्वेची कामं करायची आहेत. कर्जाला स्थिर उत्पन्न लागतं, चांगल्या कोंडी-शुल्काचं उत्पन्न मात्र त्याच्या यशाबरोबर घटू शकतं. एकाच नळाला दोन टाक्या जोडल्या की कुठली भरायची हा प्रश्न येणारच.

गरिबांचं काय?

आक्षेप रास्त आहे, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी दुरुस्त केला जातो. रांग सगळ्यांना सारखी, म्हणून न्याय्य, हे खरं नाही. ज्याची वेळ मालकाच्या घड्याळावर चालते त्याला रांग जास्त महाग पडते, ज्याला हवं तेव्हा येता येतं त्याला स्वस्त. शिवाय या शहरांच्या मध्यभागात गर्दीच्या वेळी कमी मिळकतीचे बहुसंख्य लोक बस-रेल्वेने येतात, आणि कोंडीत त्यांची बसही अडकते. तरीही पहाटेच्या पाळीला गाडीनेच यावं लागणारा कमी पगाराचा माणूस उरतोच. त्याच्या गाडीला माफी द्यायची, की त्याला पैसे परत द्यायचे? माफी दिली तर दर त्याच्यासाठी शून्य, आणि तो गर्दीतच येत राहणार. पैसे परत दिले तर दर जागेवर राहतो आणि वेळ बदलली तर परत आलेली रक्कम त्याच्याच खिशात उरते. न्यूयॉर्कने यातला मधला मार्ग घेतला: नोंदणी केलेल्या कमी उत्पन्नाच्या चालकाला महिन्यातल्या पहिल्या दहा फेऱ्यांनंतर अर्धा दर. लंडनने हद्दीतल्या रहिवाशांना ९० टक्के सूट दिली, मिळकत न पाहता. मध्य लंडनमध्ये कोण राहतं हे लक्षात घेतलं तर ही सूट गरिबांसाठी नव्हती, मतदारांसाठी होती.

पैसा कुठे जातो हा प्रश्न अर्थशास्त्रात दुय्यम, राजकारणात पहिला. लंडनच्या कायद्यात पहिली दहा वर्षं निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करायची अट होती. शिल्लक मात्र फार नव्हती, कारण सुरुवातीच्या वर्षांत जमा रकमेचा निम्म्याच्या आसपासचा हिस्सा वसुलीच्या यंत्रणेवरच जात होता. स्टॉकहोममध्ये २००६ नंतर आलेल्या सरकारने पैसा बाह्यवळण रस्त्याकडे वळवला आणि गाडीवाल्यांचे पक्षही शांत झाले. स्वीडनच्याच योटेबोरी शहरात २०१४ च्या सार्वमतात ५७ टक्के लोकांनी विरोध केला तरी शुल्क राहिलं, कारण तोवर ते रेल्वे बोगद्याच्या निधीत बांधलं गेलं होतं. पैसा आधी बांधून टाकला की मत नंतर फिरत नाही.

वापरताना

लंडनमध्ये गाडी भाड्याने घेतली तर शुल्क भाडेकंपनी भरते असं गृहीत धरू नये, आधी विचारावं. दंडासोबत कंपनीचा प्रक्रिया-खर्चही माथी येतो. त्या दिवशी भरायला विसरलात तर त्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत भरता येतं, पण जास्त दराने. तेही चुकलं तर दंड १८० पौंड, १४ दिवसांत भरला तर ९०. स्वयंचलित भरणा सुरू केला की हे टळतं, आणि इलेक्ट्रिक गाडीची सूटही आता त्यावरच अवलंबून आहे. २०२५ च्या नाताळापर्यंत तिला पूर्ण माफी होती, आता कारला २५ टक्के सूट आहे. न्यूयॉर्कमध्ये ई-झीपास (टोल आपोआप वळता करणारं गाडीतलं यंत्र) नसेल तर बिल टपालाने येतं आणि ९ चे साडेतेरा होतात. ठराविक बोगद्यांतून येणाऱ्याला ३ डॉलरपर्यंत वजावट मिळते, तीही ई-झीपास असेल तरच. नदीकाठच्या दोन महामार्गांवरून सरळ निघून गेलं तर काही लागत नाही, आतल्या रस्त्यावर चाक टेकलं की लागतं. मिलानमध्ये कॅमेरा थांबवत नाही, त्यामुळे परदेशी नंबरप्लेटवाल्याला आपण आत गेलो हे दंडाचं पत्र आल्यावर कळतं. स्टॉकहोममध्ये यातलं काहीच करावं लागत नाही. महिन्याअखेरीस बिल येतं, फेऱ्यांच्या वेळा मिनिटांसकट.